शालनचे बूट, बुवांचा निखारा

"पण पळायची गोडी लागायला दिवस किती लागतात, एवढं तरी सांगा."

भुजंगबुवा धुनीपाशी उकिडवे बसून निखारा निवडत होते. चिमट्यानं एक उचलला, फुंकर मारून पाहिला आणि परत टाकला.

"गोडी लागती म्हणून तुला कुणी सांगितलं?"

शालननं नुसती ओढणी कमरेला खोचली. एरवी तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती.

शालन म्हणजे पिठाच्या गिरणीची मालकीण. वय चव्वेचाळीस, अंग भरलेलं, आवाज चालू गिरणीच्या वर जाणारा. याच तोंडानं तिनं शाळेच्या वाटेवरचा दारूचा गुत्ता उठवला होता. पण गावात तिचा आणखी एक लौकिक होता. शालन आरंभशूर. हौसेनं सायकल घेतली, आता तिच्यावर गोधड्या वाळतात. योगासनांची चटई आणली, तिच्यावर कुरडया पडतात. बायकांचं सकाळी फिरायला जायचं मंडळ तिनंच काढलं आणि चौथ्या दिवशी तीच गैरहजर राहिली.

म्हणून आषाढात नवरात्र मंडळाच्या सभेत तिनं, ज्योत आणणाऱ्या पोरांना आता दम राहिला नाही, असं म्हटलं, तेव्हा दिनकरअण्णांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. अण्णा मंडळाचे अध्यक्ष.

"शालनबाईंनी पळून दाखवावं की. पण तेरड्याचा रंग तीन दिवस."

सभा हसली. शालनला हसण्याचं काही वाटलं नाही. अण्णा खरं बोलले, हे लागलं. खरं लागलं की माणूस पेटतो.

ती उठली आणि म्हणाली की घटस्थापनेला फाट्यापासून देवळापर्यंत पाच किलोमीटर ज्योत मी एकटी आणीन. ज्योत मध्ये थांबवायची नसते, हातातून हातात द्यायची तीही पळता पळता, हा गावचा रिवाज. मी थांबले, तर या सभेत पुन्हा तोंड उघडणार नाही.

जिचं सगळं बळ तोंडात, तिनं तोंडच पणाला लावलं. नवरा तानाजी दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन बूट घेऊन आला.

बुवांकडे ती गेली, कारण पंचक्रोशीत रोज पळणारा माणूस एकच होता. सत्तरी उलटलेले भुजंगबुवा टेकडीच्या पायथ्याच्या मठात राहत. माथ्यावर नाथांचं देऊळ. तिथला दिवा मठातल्या धुनीच्या निखाऱ्यानंच लावायचा, असा नेम. बुवा रोज पहाटे मातीच्या बोळक्यात निखारा घेत, वर भोकाचं झाकण ठेवत आणि पळत सुटत. चालत गेलं तर निखाऱ्यावर राख धरते. पळालं की भोकांतून वारा लागतो आणि निखारा लाल राहतो. पावसात बोळकं घोंगडीखाली, पण पळणं तेच. तीस वर्षांत त्या बोळक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

त्या पहिल्या दिवशी शालन त्यांच्यामागून पळाली. पहिल्या वळणावर तिनं दगड धरला, दुसऱ्या वळणावर झाड धरलं. बुवा दिवा लावून खाली आले तेव्हा ती वाटेतच बसली होती.

"तुझ्यानं व्हायचं नाही," बुवा म्हणाले. "उद्या येऊ नगंस."

मग ती उद्या गेलीच. मला नको म्हणणारा हा कोण...

परवाही गेली. गुडघे कुरकुरत, पोटऱ्यांत गोळे येत. हापशावरच्या बायका म्हणत, आज दोन झाले बघ, उद्या तिसरा. चौथ्या दिवशी ती हापशावरूनच पळत गेली आणि जाताना मुद्दाम हसली.

बुवा रोज टेकडी उतरून येत आणि तेच म्हणत. "उद्या येऊ नगंस." ना राग, ना गंमत. पाऊस लागला तर लागला म्हणावं, अशा आवाजात.

आणि शालन रोज दात-ओठ खात जाई. अण्णाच्या नाकावर टिच्चून, हापशाच्या नाकावर टिच्चून आणि सगळ्यात जास्त बुवांच्या नाकावर टिच्चून. श्रावणात ती अर्ध्या टेकडीपर्यंत न थांबता गेली. भाद्रपदात माथ्यावर पोचली. बुवा दिवा लावत होते, त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"येऊ नगंस उद्या," ते दिव्याकडे बघतच म्हणाले.

घटस्थापनेला फाट्यावर पोरांनी ज्योत तिच्या हातात दिली. शालन पळाली. दोन्ही बाजूंनी गाव उभं होतं. ओढ्याच्या चढावर तिचा ऊर फुटायला आला, तेव्हा तिनं मनातल्या मनात अण्णांची सुपारी आठवली आणि चढ संपला. देवळाच्या पायरीपर्यंत ज्योत थांबली नाही. अण्णांनीच पुढं होऊन तिला हार घातला.

गर्दीत बुवा उभे होते. शालन त्यांच्यापुढं जाऊन ताठ उभी राहिली. आता म्हणा काय म्हणायचं ते, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

बुवांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"उद्या ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे शालनचे डोळे उघडले. नेहमीच्याच वेळेला. पण अंग उठेना. तिनं अण्णांवरचा राग उकरून पाहिला, त्यात धग उरली नव्हती. हापशावरच्या बायका तर आता ताई ताई करत होत्या. बुवांनी ये म्हटलं होतं, तिथंही भांडायला जागा नव्हती. तिनं कूस बदलली.

तिसऱ्या दिवशीही तेच, पाचव्या दिवशीही तेच. बूट कोनाड्यात गेले. गावात अजून तिच्या पळण्याच्याच गोष्टी चालल्या होत्या, आणि त्या ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. अण्णांचं बोलणं खोटं पाडलं म्हणून गावानं हार घातला, आणि खरं काय ते तिला एकटीला ठाऊक. ज्योत आणली, पण रंग तेरड्याचाच.

नवव्या दिवशी खंडेनवमी. तानाजीनं गिरणी पुसली. जातं, पट्टा, नट आवळायचे पाने, टिकाव, सगळी हत्यारं मांडून हळदकुंकू वाहिलं. शालन नमस्काराला वाकली आणि थबकली. पान्यांच्या शेजारी तिचे बूट मांडलेले. धुतलेले, वर एकेक झेंडूचं फूल.

"हे काय?"

"हत्यारंच की," तानाजी म्हणाला. "आज मात्र हात लावू नको. पूजेतलं हत्यार वापरत नाहीत."

झालं. हात लावू नको म्हटल्याबरोबर तिचे पाय शिवशिवायला लागले. दिवसभर ती गिरणीत येरझाऱ्या घालत राहिली. संध्याकाळी तिला स्वतःचंच हसू आलं. आपली खोड आपल्याला दिसली की असंच हसू येतं.

दसऱ्याची पहाट उजाडली. आज कुणी नको म्हटलं नव्हतं आणि कुणी ये म्हटलं नव्हतं. तानाजी घोरत होता. शालन अंथरुणात बसून राहिली... मग उठली. बुटांवरची फुलं तिनं देवापुढं ठेवली. कुंकू तसंच राहू दिलं.

मठाची वाट सोडून ती माळाच्या वाटेनं पळाली, लांबच्या. गवत कमरेएवढं आणि दहिवरानं ओलं. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. कुणी बघत नव्हतं. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली, तिला तिनं तोंडानं उलट आवाज दिला. धाप लागली, मग आपसूक ओसरली. शालनला बरं वाटत होतं. इतकं सरळसोट बरं तिला कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

ती माळाला वळसा घालून मठात आली, तेव्हा बुवा धुनीपाशी निखारा निवडत होते.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"बुवा, येऊ नगंस म्हणायचात तेव्हा मी रोज आले. ये म्हणालात, तर अंथरुणातनं उठवेना. असं कसं हो?"

बुवांनी एक निखारा उचलला. फुंकर मारली.

"आज कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"अण्णानं?"

"त्यांचं तोंडसुद्धा आठवलं नाही."

बुवांनी निखारा बोळक्यात सोडला, झाकण ठेवलं आणि बोळकं तिच्या हातात दिलं. स्वतः पाय लांब करून भिंतीला टेकून बसले.

शालननं ते दोन्ही हातांनी धरलं.

"बुवा, आज आले. पण उद्याचं काय? परवाचं काय? परत मन उतरलं तर? हे जन्मभर टिकंल का माझ्यात, तेवढं सांगा."

बुवांनी डोळे मिटले.

"राख धरतीय बघ."