योनासने लिहू न दिलेली नावं

“मग ती दोन मुलं गेली कुठे, बाबा?”

वर्नर हालीनने पुन्हा तेच विचारलं.

आल्गोट पाळक खिडकीबाहेर बघत होते. बाहेर मिनेसोटाचा माळ पसरला होता. पिकं निघून गेली होती. जिथे नांगर फिरला होता ती रानं काळी, बाकीची करडी. नोव्हेंबरचं आभाळ इतकं खाली आलं होतं, की चर्चच्या मनोऱ्याचं टोक दिसत नव्हतं.

ते चर्च आता बंद होतं. तरुण माणसं शहरात गेली, म्हातारी एकेक करून मेली. शेवटी शेवटी तर रविवारच्या उपासनेला पाळक एकटेच उभे असायचे. दाराला कुलूपही त्यांनीच लावलं. मागच्या छोट्या घरात ते अजून राहत होते. नव्वदीला टेकले होते. दुसरीकडे जायचं तर त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

वर्नर त्यांचा जुना शिष्य, त्यांना बाबाच म्हणायचा. विशीत असताना तो त्यांच्यासमोर बसून जुनं स्वीडिश हस्ताक्षर वाचायला शिकला होता. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. स्वीडनहून इथे आलेल्या शेतकऱ्यांची घराणी शोधून काढणं, हेच त्याने आयुष्यभर केलं. लोक लांबून त्याच्याकडे यायचे. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असं तो त्यांना ठासून सांगायचा.

आणि आता त्याने स्वतःच्या घराण्याचं पुस्तक लिहिलं होतं.

“सगळं सापडलं,” तो म्हणाला. “स्वीडनमधलं, स्मोलांडचं गाव सापडलं. दुष्काळात तिथे झाडाची साल दळून पिठात मिसळत होते. पणजोबा योनास, पणजी स्टीना आणि त्यांची तीन मुलं. हुल्डा, अक्सेल आणि तान्हा एमिल. गावच्या पाळकाने पाचही नावांपुढे लिहिलंय, अमेरिकेला गेले. जहाजाच्या यादीत पाच जण आहेत. सरकारने इथे जमीन दिली त्याचा कागद आहे. पहिल्या जनगणनेत पाच माणसं. पुढच्या जनगणनेत...”

“तीन,” पाळक म्हणाले.

“तीन. योनास, स्टीना आणि एमिल. म्हणजे माझे आजोबा.”

वर्नरने हातातला पुढचा कागद वर घेतला.

“मेल्याची नोंद नाही. पुरल्याची नोंद नाही. या चर्चचं दफनाचं पुस्तक मी पानन् पान वाचलं. त्या दोन जनगणनांमधल्या एका हिवाळ्यात घटसर्पाने गेलेली शेजारपाजारची मुलं त्यात आहेत. हुल्डा आणि अक्सेल नाहीत.”

“पुस्तकात तू काय लिहिलंयस?”

“बहुधा नातेवाइकांकडे पाठवली असावीत, असं.”

“इथे त्यांचे नातेवाईक होते?”

“नाही...”

वर्नरने हातातले कागद नीट केले. ते नीटच होते.

“माझी बायको गेली,” तो म्हणाला. “मूलबाळ झालं नाही. हालीन आडनावाचा मी शेवटचा. माझ्यामागे त्या दोघांना शोधायला कुणी येणार नाही. म्हणून विचारतोय.”

पाळक उठले आणि त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

“चल.”

“कुठे?”

“तुझ्या पणजोबाच्या रानात.”

“ते मी पाहिलंय. नकाशासुद्धा काढलाय.”

“नकाशा राहू दे इथेच.”

वर्नरने गाडी चालवली. रान आता दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं होतं. तो मालकही तिथे राहत नव्हता. योनासने गवताच्या ढेकळांनी रचलेलं घर कधीच मातीत मिसळून गेलं होतं. झाड नाही, कुंपण नाही. नुकतीच नांगरलेली काळी जमीन, ती थेट आभाळापर्यंत.

दोघे बांधावर उभे राहिले. वारा बोचरा होता.

“माझी आजी, गेर्डा, इथे शेजारी राहायची,” पाळक म्हणाले. “त्या हिवाळ्यात ती नवी नवरी होती. घटसर्पाच्या घरात कुणी पाऊल टाकत नव्हतं. ती आली. मुलांना शेवटची अंघोळ तिने घातली.”

वर्नरचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

पाळकांनी त्याचं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हता.

“नुसतं ऐक.”

वर्नरने हात खाली घेतला.

“आधी हुल्डा गेली. तिच्यामागून अक्सेल. बर्फाने वाट बंद झाली होती. तेव्हाचे पाळक येऊ शकत नव्हते. माळ गोठून दगड झाला होता. त्यात माळावरच्या गवताची मुळं. कुदळ मारली की उसळून परत यायची. उन्हाळ्यात योनासने जमिनीचा एवढासा तुकडा फोडला होता. माती काय ती तिथेच मोकळी. त्याने तिथे पेंढा जाळला. दिवसभर जाळला. मग खणलं.”

“शवपेटी?”

“माळावर लाकूड कुठलं? स्वीडनहून आणलेला पेटारा होता. त्यावर तुमचं आडनाव रंगवलेलं होतं. दोघांना त्यातच ठेवलं.”

वर्नरने डोळे मिटले. तो पेटारा त्याला जहाजाच्या कागदांत भेटला होता. पुढे कुठेच भेटला नव्हता.

“खूण केली असेल काहीतरी,” तो म्हणाला. “क्रूस वगैरे...”

“केला होता. दोन फळ्यांचा. वसंतात बर्फ वितळलं तसे पाळक आले. योनासला म्हणाले, जागा दाखव. प्रार्थना करतो आणि नावं पुस्तकात लिहितो. योनास म्हणाला, नको.”

“नको?”

“म्हणाला, लिहू नका.”

वारा थांबला. मग पुन्हा सुटला.

“का, बाबा?”

“त्याचा एक बैल त्या हिवाळ्यात मेला होता. नवी जमीन फोडायची तर एका बैलाचं काम नाही. फोडलेला तुकडा तेवढा एकच. पाळकांनी तिथे प्रार्थना केली असती, तर ती जागा देवाची झाली असती. देवाच्या जागेत नांगर घालता येत नाही.”

वर्नरला लगेच कळलं नाही.

मग कळलं. त्याने समोरच्या काळ्या जमिनीकडे पाहिलं.

“म्हणजे त्यांनी... तिथे...”

“गहू पेरला.”

“आणि स्टीना? तिने पेरू दिला?”

“क्रूस योनासने काढला. नांगराला दुसरा बैल नव्हता. त्या बाजूचं जू तिने खांद्यावर घेतलं. आजीने बांधावरून पाहिलं. ती म्हणायची, स्टीना रडत नव्हती. फक्त त्या जागेशी आली की तिचे पाय अडायचे. मग योनास मागून काहीच बोलायचा नाही. थांबायचा. ती आपण होऊन पुढे निघेपर्यंत थांबायचा.”

वर्नर एकदम वळला.

“कसला बाप होता तो!” त्याचा आवाज उघड्या माळावर फाटला. “पोटच्या मुलांवरून नांगर फिरवला? शेजाऱ्यांकडे हात पसरायचे होते! जमीन सोडून द्यायची होती! मी त्याच्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय, बाबा. देवभीरू माणूस म्हणून लिहिलंय. मोठा माणूस म्हणून...”

पाळकांनी त्याला बोलू दिलं. त्याचा दम संपेपर्यंत बोलू दिलं.

मग विचारलं, “एमिल तेव्हा केवढा होता?”

“दोनेक वर्षांचा असेल.”

“त्या वर्षी त्याने काय खाल्लं?”

वर्नर बांधावरच खाली बसला.

...

त्याला आजोबा आठवले. रुंद पाठीचे, अबोल. जेवताना पाव मोडायचे आणि तोंडात घालण्याआधी क्षणभर हातातच धरून ठेवायचे. लहानपणी वर्नर हसायचा त्यांना. आजोबा काही म्हणायचे नाहीत.

“आजोबांना हे माहीत होतं?”

“मला ठाऊक नाही.”

“तुमच्या आजीने त्यांना सांगितलं असेल?”

“ठाऊक नाही, वर्नर.”

दूर कुठेतरी कावळ्यांचा थवा नांगरटीवर उतरला आणि पुन्हा उडाला.

“तुम्हाला मात्र माहीत होतं,” वर्नर म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. “मी तुमच्यासमोर बसून ही हस्ताक्षरं लावत होतो, तेव्हाही माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारायचास, इथे काय लिहिलंय. ते मी तुला शिकवलं.”

“ही चलाखी झाली, बाबा.”

“हो,” पाळक म्हणाले. “थोडी झाली.”

त्यांनी कोटाची कॉलर वर केली.

“मला धाडस झालं नाही,” ते म्हणाले. “ज्याने लिहू नका म्हणून पाळकाला परत पाठवलं, त्याची गोष्ट मी पाळक होऊन कशी सांगू? आजीने मला सांगितली ती मरताना. मी कुणाला सांगितली नाही. आता डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा काही निघायचा नाही. माझ्यानंतर हे कुणाकडेच राहिलं नसतं.”

वर्नरने मान वर केली. गुरूचा चेहरा त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिला. गाल आत गेले होते. कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

“पुस्तकात घालू?” त्याने हळूच विचारलं.

“योनासने नाही म्हटलं होतं.”

“म्हणजे घालू नको?”

“तू त्याचा पणतू आहेस. मी कोण?”

“पण घातलं नाही तर ती दोघं... कुठेच उरत नाहीत.”

“घातलं तर?”

आयुष्यभर वर्नर उत्तरं देत आला होता. लोकांना त्यांच्या घराण्यांच्या तारखा दिल्या, गावं दिली, जहाजांची नावं दिली. आता त्याला एवढंही सांगता येईना.

तो उठला. पँटला लागलेली माती त्याने झटकली नाही.

“जागा दाखवा,” तो म्हणाला. “दुसरं काही मागत नाही. फक्त जागा.”

“मला माहीत नाही.”

“आजीला माहीत असेल!”

“पहिली काही वर्षं असेल. पुढे योनासला दुसरा बैल मिळाला. त्याने सभोवतालचं रान फोडलं. मग सगळंच काळं झालं. आजी म्हातारपणी इथे यायची आणि नुसती बघत राहायची. तिलाही खूण पटेना. स्टीनाला पटत असावी. पण स्टीनाला विचारणार कोण?”

वर्नर बांधावरून रानात उतरला.

दोन पावलं टाकली. बूट मऊ मातीत रुतले. पुढच्या पावलासाठी त्याने पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. पुढे काळी माती. डावीकडे काळी माती. उजवीकडेही तीच. मागे वळून बघितलं, तर आत्ता टाकलेल्या पावलाचा ठसा स्पष्ट उमटला होता. तो त्या ठशाकडे बघत राहिला आणि त्याला हुंदका फुटला. त्याने आजवर कुणाच्याही कबरीपाशी रडायचं टाळलं होतं. बायकोच्यासुद्धा.

“बाबा...” तो म्हणाला. “मी पाय कुठे ठेवू?”

पाळकांनी टोपी काढली. काठी टेकत, तोल सावरत ते बांध उतरले आणि मातीत त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. त्याचा दंड धरला.

“कुठेही ठेव,” ते म्हणाले. “हळू ठेव.”