झुंबररावांची मान

त्या मुलखात पाणी वरून खाली येई, आणि म्हणणं मात्र खालून वर न्यावं लागे. ओढ्याच्या वरच्या अंगाला म्हशी डुंबत, खालच्या अंगाला मेंढरं गढूळ पीत. कुणाचं काही म्हणणं असेल तर वर्षातून एकदा सभा भरे. बोलायचं असेल त्यानं एक पाय उचलून उभं राहायचं. अध्यक्षानं बघितलं तर बोलायचं. पाय टेकला की म्हणणं बाद, पुढच्या वर्षापर्यंत.

झुंबऱ्या एडका तरणाबांड असताना सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तीन पायांवर उभा राहिला होता. शेवटी तेव्हाच्या अध्यक्षाला, म्हाताऱ्या बगळ्यालाच लाज वाटली. त्यानं बघितलं, आणि खाली पाणी सुटलं. मेंढरांनी मग दर साली झुंबऱ्यालाच सभेला धाडलं. अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या वर्षी बगळा मेला. वरच्या अंगाचा रेडा म्हणाला, "अध्यक्ष खालचाच हवा. आमचं मन मोठं आहे."

झुंबऱ्याचा झुंबरराव झाला. राहायला वरचा काठ, गुडघाभर हिरवं गवत. रेड्यानं एकच शिकवलं, "झुंबरराव, कुणाला नाही म्हणू नका. वाईटपणा येतो. तुम्ही आपलं उजवीकडं बघत जा."

मेंढरं डावीकडं बसत.

त्याच उन्हाळ्यात म्हशींनी डुंबायला बांध घातला. खाली धार बंद झाली. सभेला ठकीआत्या आली. झुंबऱ्याची आई तो अंगावर पीत असतानाच गेली. त्याला दूध पाजलं ते या मेंढीनं. तिनं पाय उचलला. झुंबररावांना तिच्या खुराचा आवाज कळला. न कळायला काय झालं? त्याच आवाजामागून तो चालायला शिकला होता.

झुंबरराव उजवीकडं बघत राहिले.

दुपार झाली. आत्या लटपटायला लागली. मागून एक बोकड ओरडला, "अध्यक्षांच्या मानेत लचक भरली काय?" सभा हसली. झुंबररावही हसले, उजवीकडं बघत.

आत्याचा पाय टेकला. नुसता टप् असा आवाज झाला.

जाताना ती त्याच्या अंगावरून गेली. रागावली नाही. म्हणाली, "मान अवघडली असंल रं. शेकून घे."

ती शिवी असती तर बरं झालं असतं. त्यानं शेकून घेतलं नाही, पण जागाही सोडली नाही. बांध तसाच राहिला.

पुढं म्हशींना तो बोकडच पसंत पडला. तो नुसता उजवीकडं बघत नसे, मध्ये डोळेही मिटी. रेडा झुंबररावांना म्हणाला, "आता घरच्यांना वेळ द्या."

झुंबरराव ओढ्याओढ्यानं खाली उतरले. वाळू, गोटे, वाळलेलं शेवाळ. कळप निम्मा उरला होता. एका खड्ड्यात तांब्याभरही नाही एवढं पाणी, आणि भोवती सगळे पाळी धरून उभे.

"सरका गं," ठकीआत्या म्हणाली. "झुंबरराव आलेत. दमून आलेत. आधी त्यांना पिऊ द्या."

कुणी कुरकुरलं नाही. कोकरंसुद्धा बाजूला झाली. सगळा कळप गोल उभा राहिला आणि त्याच्याकडं बघायला लागला.

त्यानं तोंड खाली घातलं. चार घोटांत पाणी संपलं. तरी मान वर न करता तो चिखल चाटत राहिला, चिखल संपला तेव्हा खडक चाटत राहिला.