दोर धरणारे हात

कृपादास महाराजांनी त्या उन्हाळ्यात खडकवडीला मुक्काम केला, तो गेणूच्या झोपडीत. हाती वीणा, गळ्यात लाकडी क्रूस आणि मुखी अखंड प्रभू येशूचे नाव! गावात मोठी घरे काय थोडी होती? पण महाराजांना गोड लागली ती घायपाताचे दोर वळणाऱ्या गेणूच्या घरची भाकरी. धन्य तो गेणू!

गेणूने वर्षापूर्वीच बाप्तिस्मा घेतला होता. 'प्रभू बंध तोडतो,' असे महाराज कीर्तनात सांगू लागले की तो डोळे मिटून डोलायचा. पण काळजात एक गाठ तशीच होती. तीन उन्हाळ्यांमागे तापाने फणफणलेल्या लेकीसाठी, हौसासाठी, तो मानाजीराव देशमुखांच्या विहिरीवर घागरभर पाणी मागायला गेला होता. देशमुखांनी त्याला दुपारभर उन्हात उभे ठेवले. पाणी घेऊन तो घरी पोचला, तोवर हौसा गेली होती.

त्याच विहिरीच्या मोटेचा जुना दोर झिजला, म्हणून देशमुखांनी गेणूला नवा वळायला सांगितला. एके सकाळी तो दोर खांद्यावर टाकून गेणू निघाला. महाराजही सोबत निघाले. काठावर देशमुख मिशीला पीळ देत उभेच होते.

"काय रे गेणू, तुझा देव बंध तोडतो म्हणे! आणि तू दिवसभर दोरच वळतोस? एकमेकांना विचारून तरी धंदा करा!" स्वतःच्या विनोदावर ते खदखदून हसले. मग महाराजांकडे वळून म्हणाले, "मोकळा माणूस बघायचा तर मला बघा, महाराज. कुणाचा बांधील नाही, कुणापुढं मान वाकवत नाही."

महाराज नुसते हसले. देशमुख ऐटीत मागे सरकले आणि काठाचा दगडच निसटला. गर्वाचे घर खाली म्हणतात. इथे तर ते थेट विहिरीत गेले!

विहिरीच्या भिंतीत उगवलेल्या उंबराच्या मुळीला देशमुख लोंबकळत होते. तळाला पाणी वीतभर, बाकी सारा खडक. "गेणू, दोर टाक!" ते ओरडले. गेणूने दोर सोडायला हात पुढे केला, पण मूठ उघडेना. डोळ्यांपुढे हौसाचे कोरडे ओठ आले. मुळी कडकडू लागली.

"महाराज, मूठ सुटंना! ह्या माणसानं माझी लेक मारली."

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बाळा, क्रूसावर प्रभूच्या हातांत खिळे होते. तरी त्यांनी मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. त्या टेकडीवर इतकी माणसं होती. त्यात मोकळा कोण होता, सांग."

गेणू कळवळून ओरडला. "प्रभू, माझ्यानं न्हाई व्हायचं. तूच सोडव!"

आणि मूठ उघडली! दोर सरसरत खाली गेला. देशमुखांनी तो पकडला मात्र, त्या धिप्पाड देहाच्या भाराने गेणू काठाकडे ओढला गेला. एवढ्यात त्याला दिसले: त्याच्या हातांपुढे दोरावर आणखी दोन हात होते. तळव्यांमधून आरपार जखमा गेलेल्या. महाराज तर पलीकडे हात जोडून उभे होते! काय सांगावी त्या प्रभुमाउलीची माया! देशमुख काठावर आले आणि ते हात दिसेनासे झाले.

देशमुख धापा टाकत जमिनीवर बसले. मग खालमानेने त्यांनी विचारले, "गेणू, तुझ्या पोरीचं... तुला माझा राग नव्हता?"

"व्हता की मालक. लई व्हता. पर राग धरला असता तर दोर कशानं धरला असता? हात दोनच हायेत."

मानाजीरावांनी गेणूच्या पायांवर डोके ठेवले. "मोकळा तू आहेस रे," एवढेच ते म्हणाले. गेणूने त्यांना उठवले खरे, पण स्वतःच खाली बसला. हौसा गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. त्या दिवशी तो लेकीसाठी पोटभर रडला, आणि देशमुख त्याच्याजवळ मातीत बसून राहिले.