वाळुंजाची मुळं

माणसं नदीची वाळू उपसायला लागली, त्या काळची गोष्ट. डोहाचे काठ उघडे पडले, मासे पळाले. तरी पाणमांजरांचा म्हातारा दगडोबा रोज सकाळी खडकावर घाण करून हद्दीची खूण ठेवायचा आणि डुलत परत यायचा. "खूण आहे तोवर डोह आपला."

"खुणेनं पोट भरतं का, आजा?" कळपातली गाभण शेवरी म्हणाली. "आणि पिल्लं कुठं लपवू? तुमच्या खुणेखाली?"

"जा मग त्या चिखलातल्या वाळुंजाकडं," म्हातारा खेकसला. त्या झाडाला सगळ्या थोरांनी नाकं मुरडली होती. राहून कुणीच पाहिलं नव्हतं.

शेवरी गेली. वाळुंजाच्या मुळांत कोरडी पोकळी होती, भोवती दाट लव्हाळा आणि सावलीत मासे. "राहू का?" तिनं विचारलं.

"विचारलंस, हेच खूप झालं," झाड म्हणालं. "ये."

तिथं तीन पिल्लं जन्मली आणि तिन्ही जगली. रोज पहिला मासा खाण्याआधी शेवरी मुळांना गाल घासायची.

उन्हाळ्यात दगडोबा आला, नुसता हाडांचा सापळा. "इथं खूण कुठं करायची?"

"खूण नंतर, आजा. आधी झाडाला विचारा."

म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं. "ये," झाड म्हणालं. मग मुळाला गाल लावून तो बराच वेळ तसाच पडून राहिला.