भिंतीपलीकडचा मेन

"पण बाबा, मेन बंद केल्यावर वायर शॉक देईलच कशी?" हेरंबने विचारलं आणि स्वतःच हसला.

समाधीच्या खोलीत, खाली पडलेल्या गिलाव्याच्या ढिगाशेजारी अचलनाथबाबा मांडी घालून बसले होते.

हेरंबला त्या सकाळी आकाश ठेंगणं झालं होतं. कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो या डोंगरपायथ्याच्या मठात आला होता. या खोलीची दुरुस्ती पुरी कर, मग तुला मंत्र देईन, असा शब्द बाबांनी दिला होता. आज भिंत खरवडताना एक लाकडी पट्टी सुटली आणि मागून कापडात गुंडाळलेल्या जुन्या वायरी बाहेर आल्या. कापड जागोजागी झडलेलं, आतलं तांबं उघडं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. हा पठ्ठ्या मात्र गुप्तधन सापडल्यासारखा नाचत सुटला.

"सगळ्या उपटतो, बाबा! नव्या टाकतो! आत्ताच मेन बंद करून आलोय. ही वायर मेलेली आहे. बघा..."

आणि त्याने उघड्या तांब्याकडे बोटं नेली.

बाबांनी आपला तळवा मध्ये धरला.

"आधी माझा हात धर."

"बाबा, माझ्यावर विश्वास नाही?"

"धर तर..."

हेरंबने हात धरला.

"मी जिवंत आहे?"

"अर्थात!"

"कशावरून?"

"हात गरम लागतोय म्हणून."

"वायरीला असं हात धरून विचारू नकोस. टेस्टर लाव."

हेरंबचे कान लाल झाले. इंजिनिअरला कुणी टेस्टर लावायला सांगावं, म्हणजे आचाऱ्याला मिठाची आठवण करून द्यावी तसंच. पण गुरूचा शब्द. त्याने टेस्टर टेकवला.

टेस्टर पेटला.

हेरंब धावत मेनपाशी गेला. मेन बंद होता. धावत परत आला, पुन्हा टेकवला. पुन्हा पेटला. ती बोटं आणखी जरा पुढे गेली असती तर आज मंत्राऐवजी रामनाम ऐकायची वेळ आली असती. भीती मनापासून वाटली, आणि तिच्या मागोमाग आनंदही तितकाच उसळला.

"बाबा! मेन बंद आणि वायर जिवंत! हे कसं काय?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. मठाची ही भिंत आणि शेजारच्या दर्ग्याची भिंत एकच. हाक तिथल्या मुजावरांची, दस्तगीरचाचांची होती.

"अहो नाथबाबा! आमच्या मजारीवरचा दिवा का हो गेला?"

हेरंबने भिंतीकडे पाहिलं. मग बाबांकडे...

"गावात वीज आली तेव्हाचं आहे हे," बाबा म्हणाले. "माझ्या गुरूंनी आणि चाचांच्या वडिलांनी ठरवलं. मजारीवरचा दिवा आपल्या मीटरवर जळेल, आपल्या समाधीवरचा त्यांच्या."

समाधीवरचा बल्ब धूळ बसू नये म्हणून हेरंबनेच सकाळी काढून ठेवला होता. नाहीतर मेन बंद करूनही तो जळताना त्याला दिसला असता.

"पण का, बाबा?"

बाबांनी मांडीवरची माती झटकली.

"आपल्या गुरूंच्या समाधीवर दुसऱ्याच्या विजेचा दिवा?" हेरंब म्हणाला. "मला नाही पटत. मी जोडणी बदलतो. त्यांचा त्यांना, आपला आपल्याला."

"बदल. पण आधी ही वायर मेलेली कर."

"त्यासाठी त्यांचा मेन बंद करावा लागेल..."

"हो."

"म्हणजे मी जाऊन त्यांना..."

"हो."

हेरंबला कुणापुढे शब्द टाकायचा म्हणजे जिवावर यायचं. बढतीसुद्धा त्याने कधी तोंडाने मागितली नव्हती, आणि याचा त्याला केवढा अभिमान! पण टेस्टर पेटलेला त्याने पाहिला होता. तो गेला. दर्ग्याच्या पायरीशी चपला काढल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अरे, मग विचारतोस काय?" चाचा उठलेच. त्यांनी मजारीपाशी तेलाची पणती लावली, मेन बंद केला आणि बोर्डाखाली काठी आडवी घेऊन बसले. "आता इथे कुणी हात लावून तर दाखवू दे! तुझा हात वायरीवर आहे तोवर मी जागचा हलत नाही. जा, बेटा."

हेरंबने परत येऊन पुन्हा टेस्टर लावला. या वेळी तो पेटला नाही.

मग कामाला असा काही जोर चढला की विचारू नका! इकडे जुन्या वायरी सरसर बाहेर येत होत्या आणि तिकडून मधूनच चाचांचा आवाज चढत होता.

"बंदच आहे रे, बेटा!"

"बसून राहा, चाचा!"

"बसलोय! तू घाई करू नकोस!"

आपला जीव पलीकडे एका म्हाताऱ्याच्या हाती आहे आणि आपल्याला जराही भीती वाटत नाही, याचंच हेरंबला नवल वाटत होतं. नव्या वायरीचं टोक हातात घेऊन तो भिंतीच्या भोकापाशी आला. क्षणभर थांबला... मग त्याने ते टोक भिंतीपलीकडे सारलं.

"चाचा! ओढा!"

दोन्हीकडचे मेन सुरू झाले. हेरंबने बल्ब परत बसवला आणि समाधीवरचा दिवा लागला. पलीकडून चाचांची आरोळी आली, "लागला रे, लागला!"

हेरंब हसतच बाबांच्या पायाशी बसला. अंगभर चुना, डोळ्यांत पाणी.

"बाबा, काम पुरं झालं. दिवे पूर्वीसारखेच, एकमेकांच्या मीटरवर जोडलेत. आता मला मंत्र द्याल?"

बाबांनी भिंतीकडे बोट केलं.

"तो मी चाचांच्या कानात सांगून ठेवलाय. जा, मागून घे."