विहिरीचं पाणी तापलं तेव्हा

फार मागे, राज्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगराच्या माथ्यावर धुराची बारीक रेघ असायची. पणजोबांच्या आठवणीतही तो कधी फुटला नव्हता. त्याची माती काळी आणि सुपीक, म्हणून कुणी तक्रार करत नसे.

गावाला पाणी शेंदून देणारी भिवरा नावाची बाई होती. एका सकाळी पोहरा वर आला तो कोमट. दुसऱ्या दिवशी विहिरीतले बेडूक पायऱ्यांवर येऊन ओळीने बसले. एकही ओरडत नव्हता.

तिने पाटलाला सांगितलं. पाटलाने सगळं गाव नदीपल्याड हलवलं. आठ दिवसांनी पाणी गार झालं, बेडूक खाली उतरले. डोंगराला काहीच झालं नाही. माणसं परतली, तर उभं पीक रानडुकरांनी फस्त केलेलं.

तेव्हापासून भिवरा दिसली की लोक विचारत, "काय गं, आज पाणी कढत की गार?" पाटलालाही मागून हसत.

दोन वर्षांनी पाणी पुन्हा तापलं. या वेळी पोहऱ्याला हात लावता येईना. पाखरं नाहीशी झाली. रानातले साप भर दिवसा रस्त्याने नदीकडे निघाले. माणसांच्या पायांजवळून गेले, पण एकानेही फणा काढला नाही. भुईला कान लावला की खाली कुणीतरी जातं ओढत असल्यासारखी घरघर ऐकू येई.

भिवरा पाटलाच्या दारात आली.

"पाटील, पाणी तापलंय."

"डोंगर फुटणार?"

"ठाऊक नाही. मागल्या खेपेलाही ठाऊक नव्हतं."

"मग पुन्हा हसू करून घेऊ?"

"हसतील की. हसायला माणसं उरली म्हणजे झालं."

पाटलाने मान खाली घातली. "मी दवंडी देणार नाही. ज्याला जायचं, त्याने जावं."

भिवरा एकटीच घरोघर फिरली. अर्धं गाव निघालं. तिचा धाकटा भाऊ उंबऱ्यात बसून म्हणाला, "अक्का, कापणी तोंडावर आलीय. एकदा गमावलं, आता नाही."

"तुझ्या लेकीला तरी दे."

त्याने लेक तिच्या कडेवर दिली.

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी अंधार झाला. आधी नुसती राख पडू लागली, चाळलेल्या पिठासारखी, आवाज न करता. मग डोंगराने तोंड उघडलं. नदीपल्याडच्या लोकांना गाव दिसेना. देवळाची घंटा तेवढी ऐकू येत होती. पाटील वाजवत असावा. थोड्या वेळाने तीही थांबली.

राख निवल्यावर लोक गेले, तर घरं कुठे होती तेही कळेना.

भाची मोठी झाली तेव्हा तिने विचारलं, "आत्या, तू बाबांना सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं, बाळ. पण मागल्या वेळी डोंगर फुटला नव्हता, तेवढंच त्याच्या ध्यानात राहिलं."

म्हणून लहानांनी आणि थोरांनी मनात धरावं: दहा वेळा फुकट गेलेली सावधगिरी परवडते, एकदा न घेतलेली परवडत नाही.