पेटी, भिंग आणि दहा पायांचा पक्षी

विषय : नवी चित्रपेटी किंवा दुसरे भिंग, यांपैकी एक मंजूर करण्याबाबत.
संदर्भ : राजचिताऱ्याचा अर्ज.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, फार वर्षांपूर्वी, म्हणजे ज्या काळाचे कागद आता वाळवीलाही सापडणार नाहीत त्या काळी, एक राज्य होते. राज्याला राजा होता, राजाला खजिनदार होता, आणि खजिनदाराला सगळे राज्य वचकून होते.

या राज्यात एक चमत्कारिक रीत होती. राजाने कोणतीही गोष्ट स्वतः जाऊन पाहायची नाही. ती चित्रातून राजापुढे यायची. पीक आले की पिकाचे चित्र यायचे. पूर आला की पुराचे चित्र यायचे, तेही पूर ओसरल्यावर. राजाचे पाय मळू नयेत म्हणून कोणा पूर्वजाने ही रीत घातली होती, आणि ती इतकी नेमाने पाळली जाई की राजाच्या जोड्यांना तळ झिजणे ठाऊकच नव्हते.

ही चित्रे काढायला एक चितारी नेमलेला होता. त्याच्यापाशी लाकडाची एक चित्रपेटी होती, आतून काळी, तोंडाला एक भिंग बसवलेली. भिंगासमोर जे असेल त्याची उलटी छबी पेटीतल्या कागदावर उतरायची. चितारी डोक्यावरून काळे कापड घ्यायचा, ती छबी गिरवायचा आणि कागद फिरवायचा. एवढे केले की राजाला आपले राज्य सुलटे दिसायचे.

शहराबाहेर कमळांनी भरलेले एक तळे होते. खजिनदाराला तिथे हत्तीखाना बांधायचा होता.

"महाराज, त्या तळ्यात चिखलाशिवाय काही नाही," तो भर दरबारात म्हणाला. "दसऱ्याला बुजवून टाकू."

चितारी मागे उभा होता. त्याला कोणी विचारले नव्हते, तरी तो बोलला. "महाराज, तिथे एक पक्षी आहे. तो पानांवरून चालतो आणि पान बुडत नाही."

दरबार हसला. खजिनदार शेवटी हसला. इतरांचे झाल्यावर हसायची त्याची पद्धत होती.

"चित्र आण," राजा म्हणाला. "दसऱ्याच्या दरबारात आण. पक्षी दिसला तर तळं राहील. नाही दिसला तर हत्ती राहतील."

चितारी पेटी घेऊन तळ्यावर गेला आणि तिथे त्याची पंचाईत झाली. पक्षी राहायचा तळ्याच्या मधोमध. काठावरून पाहिले तर कागदावर तो तिळाएवढा उतरायचा. जवळ जावे तर कमरेच्या वर चिखल, आणि होडी हलली की पक्षी उडायचा. शिवाय पेटी जुनी झाली होती. तिच्या फळ्या फाकल्या होत्या, फटींतून उजेड आत यायचा, आणि आधीच ढगाळ दिवसातली छबी ताक ओतल्यासारखी दिसायची.

लांबचे दाखवणारे दुसरे भिंग घेतले असते तर पक्षी मोठा दिसला असता, पण धूसर. नवी पेटी घेतली असती तर पक्षी स्वच्छ दिसला असता, पण तिळाएवढाच. धूसर भोपळा की स्वच्छ तीळ, असा हा प्रश्न होता. दोन्ही मागण्याची सोय नव्हती. एका कारागिराला एका वर्षात एकच वस्तू, असा खजिन्याचा नियम होता.

चितारी सुताराकडे गेला. सुतार म्हणाला, "भिंग घ्या हो. पेटीला काय धाड भरलीय?"

तो भिंगवाल्याकडे गेला. भिंगवाला म्हणाला, "पेटी घ्या. असं भिंग आता होत नाही."

दोघांच्या निःस्वार्थीपणाने चितारी भारावून गेला. मग त्याला कळले की दसऱ्यापर्यंत दोघांच्याही हाताला फुरसत नव्हती.

घरी त्याची बायको म्हणाली, "अहो, फटी मेणानं बुजवा की."

"बुजवल्या. दमट हवेनं लाकूड फुगतं नि मेण गळून पडतं."

"मग घ्या काहीतरी एक. आपलं लग्न ठरवायलासुद्धा इतके दिवस लागले नव्हते."

"तेव्हा निवड कुठे होती?" चितारी म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने आपले ताट आपणच वाढून घेतले.

शेवटी त्याने अर्ज लिहिला : 'नवी पेटी किंवा दुसरे भिंग, सरकारास योग्य वाटेल ते मंजूर व्हावे.' हीच त्याची चूक झाली. अर्जात 'किंवा' लिहिणाऱ्याने उत्तराची वाट पाहू नये.

अर्ज वाचून खजिनदार खूश झाला. नामंजूर करावा तर चितारी राजाकडे जाणार. मंजूर करावा तर चित्र होणार. त्याने कारकुनाला बोलावले.

"याला खुलासे विचारा."

"कसले, सरकार?"

"कसलेही. दसऱ्यापर्यंत पुरतील इतके."

पहिला प्रश्न गेला : 'पक्षी काठापासून किती अंतरावर बसतो? खुलासा करावा.'

चितारी विचारात पडला. इतके दिवस तो काळ्या कापडातून त्या पक्ष्याकडे पाहत होता, आणि पाहण्यापेक्षा फटींना शिव्या देत होता. तो पेटी घरी ठेवून तळ्यावर गेला आणि सबंध दिवस चिखलात नुसता बसला, तेव्हा पक्षी चरत जवळ आला. संध्याकाळी त्याने लिहिले : 'पक्षी बसत नाही. चालतो. त्याच्या पायाची बोटे इतकी लांब आहेत की एका पावलात निम्मे पान व्यापले जाते. त्यामुळे त्याचा भार एका जागी पडत नाही.'

खजिनदाराने हे वाचले. मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. मग दुसरा प्रश्न लिहवला : 'एवढी लांब बोटे चालताना एकमेकांत अडकत कशी नाहीत?'

'पक्षी पाऊल उचलताना बोटे मिटतो आणि टेकताना पसरतो,' चिताऱ्याने कळवले. 'पानावर चार अंडी आढळली. तपकिरी आहेत. त्यांवर काळ्या वेड्यावाकड्या रेघोट्या आहेत, जणू कोणी टाक चालतो का ते पाहिले. अंड्यांवर नर बसतो.'

'नर? मादी कोठे आहे? खुलासा करावा.'

'मादी तळ्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. ती आकाराने मोठी आहे. तिकडे तिची आणखी अंडी आहेत व त्यांवर दुसरा नर बसवलेला आहे. ती मधूनमधून येऊन पाहणी करते, आवाज चढवते आणि जाते. नर मान खाली घालतो.'

हा कागद खजिनदाराने दोनदा वाचला आणि तो त्या दिवशी घरी जरा हळू गेला.

हळूहळू कचेरीत एक गोष्ट घडू लागली. चिताऱ्याचा कागद आला की कारकून तो मोठ्याने वाचू लागला. पहारेकरी भाले टेकून ऐकायला येऊ लागले. पाणक्या घागर खांद्यावर तशीच ठेवून दारात उभा राहू लागला. खजिनदार म्हणायचा, "कामकाज आहे, गर्दी करू नका," आणि कोणी हलले नाही तर वाचन पुढे चालू द्यायचा.

एकदा जोराचा पाऊस झाला. सकाळी कचेरी उघडताच खजिनदाराने प्रश्न लिहवला : 'अंडी सुरक्षित आहेत काय? तातडीने कळवावे.'

"सरकार," कारकून म्हणाला, "याचा पेटीशी काय संबंध?"

"संबंध आहे की नाही, ते अंड्यांचं कळल्यावर ठरवता येईल. तू लिही."

उत्तर आले : 'पाणी चढून पान बुडू लागले होते. पक्ष्याने एकेक अंडे चोच आणि छाती यांमध्ये धरले व उलट्या पावलांनी ओढत शेजारच्या पानावर नेले. चारही सुखरूप. पक्षी दमलेला दिसला.'

कचेरीत कोणीतरी "वा!" म्हणाले. खजिनदाराने मान वर करून पाहिले, पण कोण म्हणाले ते त्याने शोधले नाही, कारण तो स्वतःच म्हणाला होता.

इकडे चिताऱ्याच्या बायकोने पेटीत लसूण भरून ठेवला. "पेटी लागत नाही ना?" तिने विचारले.

"पेटी की भिंग, ते अजून ठरलं नाही."

"मग रोज उठून चिखलात जाता कशाला?"

"त्यांनी विचारलंय म्हणून."

"आणि नसतं विचारलं तर?"

"आता नाही विचारलं तरी जाईन," तो म्हणाला. तिने मग त्याच्यासोबत भाकरी बांधून दिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिताऱ्याचा छोटासा कागद आला : 'पानावर अंडी नाहीत. पक्ष्याला आज दहा पाय दिसले. दोन नेहमीचे, आठ बारीक व लोंबते. कारण समजले नाही.'

खजिनदाराने तो कागद उलटा धरून पाहिला, पाठीमागून पाहिला. जेवताना त्याने ताकात दोनदा मीठ घातले. 'दहा पायांचा खुलासा करावा,' एवढाच प्रश्न त्याने पाठवला, आणि उत्तर यायच्या आत दसरा आला.

तळ्याकाठी मजूर घमेली घेऊन उभे होते. दरबार भरला होता.

"चित्र?" राजाने विचारले.

"नाही, महाराज," चितारी म्हणाला. "पेटी की भिंग, त्याचा निकाल लागलेला नाही."

"मग तळ्याचा लागला. खजिनदार, हुकूम द्या."

सगळ्यांनी खजिनदाराकडे पाहिले. पावसाळाभर ज्यासाठी त्याने खटपट केली, ते आता एका शब्दावर आले होते. त्याने तोंड उघडले, मिटले, आणि पुन्हा उघडले.

"महाराज, तळं बुजवता येणार नाही."

"का?"

"एक खुलासा यायचा बाकी आहे."

"कसला?"

"पायांचा, महाराज. पक्ष्याला दहा आहेत."

"दहा? मग तो खेकडा असेल."

"खेकडा बायको ओरडली की मान खाली घालत नाही, महाराज," खजिनदार कळवळून म्हणाला. "आणि भर पावसात अंडी छातीशी धरून उलटा चालत नाही. मी सगळं वाचलंय."

राजा पुढे झुकला. "आठ पाय आले कुठून?"

"तेच तर कळत नाही!" खजिनदार जवळजवळ ओरडला. दरबारात असे तो कधी बोलला नव्हता.

राजाने चिताऱ्याकडे पाहिले. चिताऱ्याने खांदे उडवले. राजाने छताकडे पाहिले. मग तो उठला.

"तळं किती लांब आहे?"

अशी रीत नाही, असे कोणीतरी पुटपुटले. पण राजा तोवर पायऱ्या उतरला होता.

तळ्याकाठी राजाचा एक जोडा चिखलात रुतला. त्याने तो तिथेच सोडला. चिताऱ्याने बोट दाखवले. लांब, कमळाच्या पानावर, तिळाएवढा एक पक्षी चालत होता. पक्षी पानापानावरून चरत अलीकडे आला. त्याच्या पंखांखालून बारीक पाय लोंबत होते. राजा ओठ हलवून मोजत होता.

पक्षी थांबला, खाली बसला आणि त्याने पंख सैल केले. चार पिले टपाटपा पानावर पडली आणि आपल्या बेढब लांब बोटांवर धावू लागली. तेवढ्यात वरून घार गेली. पक्ष्याने शीळ घातली. पिले पळत आली, बापाच्या पंखांत शिरली, पंख मिटले, आणि दहा पायांचा पक्षी उठून चालू लागला.

"हे इथे रोज होतं?" राजाने हळूच विचारले.

"रोज काहीतरी होतं, महाराज," चितारी म्हणाला.

"आणि मला ओसरलेल्या पुराची चित्रं दाखवता," राजा म्हणाला. "मजुरांना घरी पाठवा."

खजिनदाराने कारकुनाला खूण केली. "लिही. पायांचा खुलासा मिळाला." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आता विचार, पिलं पोहायला कधी लागतात."

हत्तीखाना पुढे माळावर बांधण्यात आला. हत्तींची काही तक्रार आली नाही. तळे राहिले. राजाचे जोडे वर्षातून तीनदा बदलावे लागू लागले.

चिताऱ्याने पुढे एकदा कचेरीत जाऊन आपल्या अर्जाची चौकशी केली. खजिनदार घाईघाईने म्हणाला, "मंजूर केला तर कागद निकाली निघेल, चितारीबुवा. मग पुढच्या पावसाळ्यात अंड्यांचं आम्हाला कोण कळवणार? शिवाय महाराजांनीही त्यावर दोन प्रश्न लिहिलेत." चितारी प्रश्न घेऊन तळ्याकडे गेला.

बोध : कशातून पाहावे ते ठरायचे तेव्हा ठरो, पाहायला कोणाची मंजुरी लागत नाही.

चिताऱ्याचा अर्ज विचाराधीन आहे.